गिटमधल्या ब्रँच हलवताना, पुसताना आणि परत आणताना पाळायचा क्रम

‘ब्रँच डिलीट झाली, काम गेलं’ असं टीममध्ये अधूनमधून कुणीतरी घाबरून सांगतं. बहुतेक वेळा काम गेलेलं नसतं. त्या कामापर्यंत पोहोचवणारं नाव गेलेलं असतं, आणि ते नाव आधी कोणत्या कमिटवर (जतन केलेल्या बदलांच्या नोंदीवर) होतं हे कुणीच पाहून ठेवलेलं नसतं.

गिटमध्ये, म्हणजे कोडच्या इतिहासाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ब्रँच म्हणजे एक रेफ: एक नाव आणि त्याच्यासमोर एका कमिटचा हॅश, म्हणजे त्याची ओळख पटवणारी अक्षरमालिका. हा हॅश ४० अक्षरांचा असतो, एसएचए-२५६ वापरणाऱ्या रेपोत (प्रोजेक्टच्या गिट-साठ्यात) ६४ अक्षरांचा. ब्रँचच्या पोटात फाइली नसतात, इतिहासही नसतो. त्यामुळे ब्रँच हलवणं, पुसणं, तिचं नाव बदलणं, फोर्स पुश करणं (सर्व्हरवरची ब्रँच जबरदस्तीने बदलणं) ही कामं वेगळी दिसली तरी प्रत्येकात कुठल्यातरी नावासमोरचा हॅश बदलतो किंवा पुसला जातो. आणि सगळीकडे चूकही एकच होते: आधीची किंमत न पाहता नवी लिहिली जाते. खालचा सगळा क्रम याच एका गोष्टीभोवती आहे. जुनी किंमत पाहा, ती टिकवा, बदल करताना ती गिटला सांगा, आणि मगच पुढे जा.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या, त्यांतल्या आकड्यांसकट, इंग्रजी लिपीतच टाइप करायच्या. कोनी कंसातल्या जागी तुमची किंमत घाला. एकाक्षरी पर्याय शक्य तिथे मुद्दाम टाळले आहेत. ब्रँच पुसताना छोटा डी आणि मोठा डी यांत फक्त एका शिफ्टचा फरक असतो. पहिला तपासून पुसतो, दुसरा न तपासता.

## टप्पा १: कोणती ब्रँच, कुठली ब्रँच

एकाच नावाची ब्रँच, समजा ‘लॉगिन’, तीन ठिकाणी असू शकते आणि तिन्हीकडे हॅश वेगळा असू शकतो.

- तुमची स्थानिक ब्रँच: रेफ्स/हेड्स/लॉगिन
- सर्व्हरवर ती शेवटची कुठे दिसली होती याची तुमच्याकडची नोंद: रेफ्स/रिमोट्स/ओरिजिन/लॉगिन (‘ओरिजिन’ हे सर्व्हरचं नेहमीचं नाव)
- सर्व्हरवरची खरी ब्रँच, जी तिथल्या रेपोत रेफ्स/हेड्स/लॉगिन म्हणून असते

मधल्या नोंदीला लोक सर्व्हरच समजतात, आणि बरेच घोळ इथूनच सुरू होतात. ‘ओरिजिन/लॉगिन’ ही तुमच्या शेवटच्या फेचच्या (सर्व्हरवरून आणण्याच्या) किंवा पुशच्या (सर्व्हरवर पाठवण्याच्या) वेळची स्थिती आहे. त्यानंतर सर्व्हरवर काय झालं याची तिला खबर नसते.

काहीही बदलण्यापूर्वी या चार कमांड चालवा:

```
गिट स्टेटस
गिट वर्कट्री लिस्ट
गिट ब्रँच --व्हर्बोज --व्हर्बोज
गिट एलएस-रिमोट --हेड्स ओरिजिन
```

पहिली तुम्ही कुठे उभे आहात ते सांगते. ‘हेड डिटॅच्ड’ असं दिसलं तर तुम्ही कुठल्याच ब्रँचवर नाही आहात. तिथे केलेल्या कमिटना नाव नाही, तेव्हा आधी `गिट स्विच --क्रिएट <नाव>` करून त्यांना नाव द्या. दुसरी कमांड बहुतेक जण विसरतात: तीच ब्रँच दुसऱ्या वर्कट्रीत (त्याच रेपोच्या दुसऱ्या कामाच्या फोल्डरमध्ये) उघडी असेल तर तिला हात लावण्याआधी ते माहीत हवं. तिसरीत ‘व्हर्बोज’ दोनदा लिहिल्यावर प्रत्येक ब्रँचचा हॅश आणि तिची अपस्ट्रीम (सर्व्हरवरची तिची जोडीची ब्रँच) दोन्ही दिसतात. चौथी थेट सर्व्हरला विचारते आणि तुमच्याकडच्या नोंदी अजिबात बदलत नाही, म्हणून शंका आली की तिचंच उत्तर प्रमाण माना.

सावधान: डॉट-गिट फोल्डरमधल्या रेफच्या फाइली हाताने उघडून बदलू किंवा पुसू नका. रेफ दोन ठिकाणी असू शकतो, स्वतःच्या सुट्या फाइलीत आणि ‘पॅक्ड-रेफ्स’ या एकत्र फाइलीत. दोन्हीकडे असेल तर सुटी फाइल ग्राह्य धरली जाते. ती तुम्ही हाताने काढलीत तर ब्रँच जाणार नाही, पॅक्ड-रेफ्समधली जुनी किंमत वर येईल. ब्रँच कसलीही तक्रार न करता काही आठवडे मागे गेलेली असेल. शिवाय गिट २.४५ पासून (२०२४) ‘रेफटेबल’ हा वेगळा साठवण प्रकारही आहे. त्यात प्रत्येक ब्रँचची वेगळी फाइलच नसते. वाचायला `गिट रेव्ह-पार्स`, बदलायला `गिट अपडेट-रेफ`, एवढंच वापरा.

रेफची लॉक फाइल आधीच अस्तित्वात आहे अशी एरर आली तर ती फाइल उडवण्याची घाई करू नका. आधी दुसऱ्या खिडकीत, एडिटरमध्ये किंवा पार्श्वभूमीत गिटची एखादी प्रक्रिया चालू आहे का ते पाहा. काहीच चालू नसल्याची खात्री झाली तरच ती लॉक फाइल काढा.

## टप्पा २: जुनी किंमत टिकवा

नुसता हॅश कुठेतरी लिहून ठेवणं अर्धं काम आहे. ज्या कमिटकडे कुठलाच रेफ बोट दाखवत नाही ते गिटची साफसफाई कालांतराने पुसून टाकू शकते, आणि मग हातात फक्त ४० अक्षरं उरतात. म्हणून जुन्या कमिटला आणखी एक नाव द्या:

```
गिट अपडेट-रेफ रेफ्स/बॅकअप/लॉगिन रेफ्स/हेड्स/लॉगिन
गिट रेव्ह-पार्स रेफ्स/बॅकअप/लॉगिन
```

‘बॅकअप’ हे नाव माझ्या सोयीचं आहे, गिटचं ठरलेलं नाही. ‘लॉगिन-जुनी’, ‘लॉगिन-जुनी-२’ अशा ब्रँच बनवत बसण्यापेक्षा मला हीच पद्धत पटते. हे रेफ ब्रँचच्या यादीत गर्दी करत नाहीत, साध्या पुशबरोबर सर्व्हरवर जात नाहीत, आणि ‘रेफ्स’खाली असल्यामुळे साफसफाई त्यांच्या कमिटना हात लावत नाही.

काम मोठं असेल, म्हणजे अनेक ब्रँच पुसायच्या असतील किंवा इतिहासच नव्याने लिहायचा असेल, तर बंडल करा:

```
गिट शो-रेफ > ../रेफ-यादी.टीएक्सटी
गिट बंडल क्रिएट ../आधीचा.बंडल --ऑल
गिट बंडल व्हेरिफाय ../आधीचा.बंडल
```

बंडल ही एकच फाइल असते आणि तीत सगळे रेफ आणि त्यांच्यामागचे कमिट येतात. तिच्यावरून थेट क्लोनही (रेपोची नवी प्रत) करता येतो. रिफ्लॉग (रेफच्या आधीच्या किमतींची नोंद), हुक (ठराविक वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) आणि कॉन्फिग मात्र तीत येत नाहीत, कमिट न केलेले बदलही नाहीत. स्टॅशमधली (बाजूला ठेवलेल्या बदलांमधली) फक्त सगळ्यात वरची नोंद येते.

तपासणी: `गिट शो-रेफ`च्या यादीत बॅकअपचा रेफ दिसतो का आणि त्याचा हॅश मूळ ब्रँचच्या हॅशशी जुळतो का? जुळत नसेल तर इथेच थांबा.

## टप्पा ३: नाव तपासा

हा टप्पा लहान आहे, पण यातल्या चुकीची एरर वाचून कारण पटकन लक्षात येत नाही.

‘लॉगिन’ नावाची ब्रँच असताना ‘लॉगिन/ओटीपी’ ही ब्रँच बनत नाही, कारण तेच नाव एकाच वेळी रेफही आणि फोल्डरही होऊ शकत नाही. सर्व्हरवर कुणी जुनी ‘लॉगिन’ पुसून ‘लॉगिन/ओटीपी’ पुश केली, तर तुमच्याकडे जुनी नोंद तशीच असल्यामुळे फेच अडतं. उपाय: `गिट फेच --प्रून ओरिजिन`.

नावात स्पेस, टिल्ड, कॅरेट, कोलन, प्रश्नचिन्ह, तारा, उघडा चौकोनी कंस, बॅकस्लॅश किंवा सलग दोन टिंबं चालत नाहीत. सुरुवातीला वजाचं चिन्ह आणि शेवटी ‘.लॉक’ही चालत नाही. पाठ करायची गरज नाही. `गिट चेक-रेफ-फॉरमॅट --ब्रँच <नाव>` चालवा.

फक्त कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांच्या फरकाने दोन ब्रँच ठेवू नका. विंडोज आणि मॅकच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये त्या दोघींची फाइल एकच ठरते आणि एकीची किंमत दुसरीवर लिहिली जाते.

टॅगला (एका कमिटला दिलेल्या कायमच्या नावाला) आणि ब्रँचला एकच नाव देणंही टाळा. नुसतं नाव दिलं तर गिट टॅग आधी शोधतं, ब्रँच नंतर. संदिग्धतेची सूचना येते, पण ती वाचतो कोण? आधीच असं झालेलं असेल तर प्रत्येक कमांडमध्ये ‘रेफ्स/हेड्स/…’ असं पूर्ण नाव लिहा.

## टप्पा ४: स्थानिक ब्रँच हलवणं

नेमकं काय करायचं आहे त्यावर कमांड ठरते. चुकीची निवडली तरी बऱ्याचदा काम झाल्यासारखं दिसतं, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

क. ब्रँच फक्त पुढे न्यायची आहे आणि तुम्ही दुसऱ्याच ब्रँचवर आहात. त्यासाठी ब्रँच बदलायची गरज नाही:

```
गिट फेच ओरिजिन मेन:मेन
```

ही कमांड स्थानिक ‘मेन’ला सर्व्हरच्या ‘मेन’पर्यंत नेते, पण फास्ट-फॉरवर्ड (जुन्या टोकावरून सरळ पुढे जाणं) शक्य असेल तरच. दोन्ही बाजू फुटल्या असतील तर नकार देते, आणि तो नकार ही तुमच्या फायद्याची माहिती आहे. ‘मेन’च्या आधी अधिकचं चिन्ह घालून नकार उडवायचा सल्ला इंटरनेटवर सहज सापडतो. ते चिन्ह म्हणजे फोर्स.

ख. ब्रँच दुसऱ्याच कमिटवर न्यायची आहे आणि ती सध्या कुठेही उघडी नाही.

```
गिट अपडेट-रेफ -एम "लॉगिन मागे नेली" रेफ्स/हेड्स/लॉगिन <नवा-हॅश> <जुना-हॅश>
```

शेवटचा जुना हॅश हा या लेखातला सगळ्यात उपयोगी शब्द आहे. ब्रँच अजून त्याच हॅशवर असेल तरच बदल होतो. मधल्या वेळेत दुसऱ्या खिडकीतून किंवा एखाद्या स्क्रिप्टने तिथे कमिट टाकलं असेल तर कमांड एरर देऊन थांबते आणि काहीही पुसलं जात नाही. `गिट ब्रँच --फोर्स` हेच काम करते, पण जुनी किंमत विचारत नाही. अनेक ब्रँच एकत्र हलवायच्या असतील तर `गिट अपडेट-रेफ --एसटीडीइन`ला सगळ्या ओळी द्या. एका जरी ब्रँचची जुनी किंमत जुळली नाही तर एकही हलत नाही.

सावधान: उघड्या ब्रँचवर ‘अपडेट-रेफ’ चालवू नका. ती कमांड फक्त नाव हलवते, फाइलींना आणि इंडेक्सला (पुढच्या कमिटसाठी मांडलेल्या बदलांना) स्पर्श करत नाही. परिणामी स्टेटसमध्ये तुम्ही न केलेले ढीगभर ‘बदल’ दिसू लागतात, आणि ते कुणी भाबडेपणाने कमिट केले की आधीचं काम उलटं फिरतं. `गिट ब्रँच --फोर्स` उघड्या ब्रँचला नकार देतं. अपडेट-रेफ देत नाही.

ग. ज्या ब्रँचवर उभे आहात तीच हलवायची आहे. इथे हात आपोआप ‘रीसेट --हार्ड’कडे जातो. त्याऐवजी:

```
गिट रीसेट --कीप <नवा-हॅश>
```

हलवताना बदलावी लागणारी एखादी फाइल तुम्ही संपादित करून ठेवली असेल, तर ‘कीप’ थांबतो. ‘हार्ड’ ती फाइल पुसून टाकतो, आणि कमिट न केलेला बदल रिफ्लॉगमध्ये कधीच आलेला नसतो. या लेखातल्या जवळपास प्रत्येक अपघाताला परतीची वाट आहे, याला सहसा नाही.

`गिट स्विच --फोर्स-क्रिएट` सवयीने वापरणाऱ्यांसाठी एक टीप: त्या नावाची ब्रँच आधीच असेल तर ही कमांड तिला न विचारता हलवते. नवी ब्रँच हवी असेल तर साधं ‘क्रिएट’ वापरा. नाव आधीपासून असेल तर ते स्पष्ट सांगेल.

तपासणी: `गिट लॉग --वनलाइन रेफ्स/हेड्स/लॉगिन..रेफ्स/बॅकअप/लॉगिन`. या हालचालीत ब्रँचवरून जे कमिट सुटले ते इथे दिसतात. यादी तुमच्या अपेक्षेपेक्षा लांब असेल तर बॅकअपवरून परत जा.

## टप्पा ५: सर्व्हरवरची ब्रँच हलवणं

रिबेस केल्यानंतर (कमिट नव्या पायावर पुन्हा लिहिल्यानंतर) साधा पुश नाकारला जातो. ते बरोबरच आहे. पुढचं पाऊल मात्र लोक फार लवकर टाकतात.

१. आधी `गिट फेच ओरिजिन`.

२. `गिट लॉग --वनलाइन लॉगिन..ओरिजिन/लॉगिन` पाहा. सर्व्हरवर आहेत पण तुमच्या ब्रँचमध्ये नाहीत असे कमिट इथे येतात. रिबेसनंतर तुमचेच जुने कमिट दिसणं अपेक्षित आहे. अनोळखी लेखकाचा कमिट दिसला तर पुश करू नका, आधी त्या माणसाशी बोला.

३. `गिट रेव्ह-पार्स ओरिजिन/लॉगिन` चालवून हॅश घ्या. आत्ता तुम्ही डोळ्यांनी तपासलेली स्थिती हीच.

४. तो हॅश देऊन पुश करा:

```
गिट पुश --फोर्स-विथ-लीज=लॉगिन:<तपासलेला-हॅश> ओरिजिन लॉगिन
```

सर्व्हरवरची ब्रँच अजून त्याच हॅशवर असेल तरच पुश होईल. टप्पा ४ मधला ‘जुना हॅश’ आणि हा, दोन्हींमागचं तत्त्व एकच.

हॅश न देता नुसतं ‘--फोर्स-विथ-लीज’ लिहिलं की झालं, असा समज पक्का बसलेला आहे. त्यात मोठी फट आहे. हॅश दिला नाही तर गिट तुमच्याकडच्या ‘ओरिजिन/लॉगिन’ या नोंदीशी तुलना करतं. बरेच एडिटर पार्श्वभूमीत आपोआप फेच करत राहतात. सहकाऱ्याने कमिट टाकला, एडिटरने तो फेच केला, तुम्ही पाहिलाच नाही. नोंद मात्र ताजी झाली. मग अट पूर्ण होते आणि सहकाऱ्याचं काम पुसलं जातं. गिट २.३० मध्ये (२०२०) याच कारणासाठी ‘--फोर्स-इफ-इन्क्लूड्स’ आला. सर्व्हरवरचा तो कमिट तुमच्या स्थानिक ब्रँचमध्ये कधी आला होता का, हे तो ब्रँचच्या रिफ्लॉगवरून पाहतो. नुसत्या लीजबरोबर तो जरूर लावा. हॅश स्पष्ट दिला असेल तर त्याची गरज नाही, तेव्हा त्याचा काही परिणामही होत नाही.

पुशनंतर टर्मिनलवर अधिकचं चिन्ह, जुना हॅश, तीन टिंबं आणि नवा हॅश अशी ओळ येते. ती ओळ लगेच कुठेतरी चिकटवून ठेवा. काही बिघडलं तर सगळ्यात आधी तिचीच शोधाशोध होते.

सावधान: स्क्रिप्टमध्ये `गिट पुश ओरिजिन "$स्रोत:$ब्रँच"` असं असेल आणि ‘स्रोत’ हे व्हेरिएबल काही कारणाने रिकामं राहिलं, तर उरतं फक्त कोलन आणि ब्रँचचं नाव. गिटच्या भाषेत त्याचा अर्थ ‘सर्व्हरवरची ही ब्रँच पुसा’. पुश करण्याआधी व्हेरिएबल रिकामं नाही ना, हे स्क्रिप्टने तपासलंच पाहिजे.

सावधान: `गिट पुश --मिरर` रोजच्या कामाच्या क्लोनमधून कधीही चालवू नका. तुमच्याकडे नसलेली सर्व्हरवरची प्रत्येक ब्रँच ती पुसते आणि तुमचे बॅकअप रेफ सर्व्हरवर चढवते.

सर्व्हर तुमच्या ताब्यात असेल तर तिथल्या बेअर रेपोत (कामाच्या फाइली नसलेल्या रेपोत) तीन सेटिंग करून टाका: ‘रिसीव्ह.डिनायनॉनफास्टफॉरवर्ड्स’, ‘रिसीव्ह.डिनायडिलीट्स’ आणि ‘कोअर.लॉगऑलरेफअपडेट्स’, तिन्ही ट्रू. पहिल्या दोन सगळ्या ब्रँचना सारख्याच लागू होतात, त्यामुळे फीचर ब्रँचवर रिबेस करणाऱ्या टीमला त्या जाचतील. तिसरी कुणालाच जाचत नाही. बेअर रेपोत रिफ्लॉग मुळात बंद असतो, ही गोष्ट अपघात झाल्यावर कळून उपयोग नाही. होस्टिंग सेवा वापरत असाल तर तिच्यातली संरक्षित ब्रँचची सोय मुख्य ब्रँचसाठी चालू ठेवा.

## टप्पा ६: नाव बदलणं

स्थानिक ब्रँचसाठी `गिट ब्रँच --मूव्ह जुनं नवं`. रिफ्लॉग नव्या नावाबरोबर जातो, अपस्ट्रीमचं सेटिंगही जातं, आणि गोंधळ तिथेच होतो: अपस्ट्रीम अजून सर्व्हरवरच्या जुन्या नावाकडे बोट दाखवत असते. पुढचा साधा पुश नावं जुळत नाहीत म्हणून अडतो आणि गिट दोन पर्याय सुचवतं. न वाचता पहिला उचलला तर काम पुन्हा जुन्याच नावावर जातं. त्यापेक्षा `गिट पुश --सेट-अपस्ट्रीम ओरिजिन नवं` करा.

मुख्य ब्रँचचं नाव बदलताना, समजा ‘मास्टर’चं ‘मेन’ करताना, क्रम चुकवू नका:

१. स्थानिक नाव बदला.
२. नवी ब्रँच सर्व्हरवर पुश करा. जुनी अजून तिथेच राहू द्या.
३. सर्व्हरवर डीफॉल्ट ब्रँच बदला.
४. बिल्ड, डिप्लॉय, शेड्यूल केलेली कामं, सबमॉड्यूल (रेपोत जोडलेले दुसरे रेपो), डॉक्युमेंटेशनमधल्या लिंक असं जिथे जिथे जुनं नाव आहे ते शोधून बदला. वेळ इथेच जातो.
५. सहकाऱ्यांनी आपापल्या क्लोनमध्ये नाव बदलून `गिट फेच ओरिजिन`, `गिट ब्रँच --सेट-अपस्ट्रीम-टू=ओरिजिन/मेन मेन` आणि `गिट रिमोट सेट-हेड ओरिजिन --ऑटो` चालवलं का, ते विचारा.
६. सगळ्यात शेवटी जुनी पुसा.

तिसरं पाऊल न उचलता सहावं उचललं तर साधा गिट सर्व्हर डीफॉल्ट ब्रँच पुसायला नकार देतो. सहावं पाऊल पाचव्याआधी उचललं तर मात्र कुणी अडवत नाही. मग एखादा सहकारी जुन्या क्लोनमधून जुन्याच नावाने पुश करतो आणि पुसलेली ब्रँच सर्व्हरवर पुन्हा उभी राहते. होस्टिंगवर नाव बदलायची सोय असेल तर तीच वापरा. उदाहरणार्थ गिटहबवर, त्या ब्रँचला बेस धरून उघडलेल्या पुल रिक्वेस्ट (बदल मर्ज करण्याच्या विनंत्या) नव्या नावाकडे वळवल्या जातात.

## टप्पा ७: ब्रँच पुसणं

`गिट ब्रँच --डिलीट लॉगिन` यशस्वी झालं म्हणजे ते काम ‘मेन’मध्ये मर्ज झालेलं आहे, असं बहुतेक जण धरून चालतात. तसं नाही. ब्रँचला अपस्ट्रीम असेल तर गिट फक्त अपस्ट्रीमशी तुलना करतं. तुम्ही सगळं ‘ओरिजिन/लॉगिन’वर पुश केलेलं असेल तर मर्ज झालेलं नसतानाही ब्रँच पुसली जाते. हेडमध्ये हे काम अजून आलेलं नाही अशी एक ओळीची ताकीद तेवढी येते. त्यानंतर कुणी सर्व्हरवरची ब्रँच ‘जुनी दिसते’ म्हणून काढली की दोन्ही टोकं सुटली. अपस्ट्रीम नसेल, किंवा असूनही तिची नोंद प्रून झालेली असेल, तर तुलना हेडशी होते, म्हणजे तुम्ही त्या क्षणी जिथे उभे आहात त्या कमिटशी. कुठे उभे आहात यावर उत्तर बदलतं!

म्हणून पुसण्याचा निर्णय त्या कमांडवर सोडू नका. आधी स्वतः विचारा:

```
गिट फेच ओरिजिन
गिट लॉग --वनलाइन ओरिजिन/मेन..लॉगिन
```

उत्तर रिकामं आलं तर ब्रँचमधला प्रत्येक कमिट सर्व्हरच्या ‘मेन’मध्ये पोहोचला आहे. निर्धास्त पुसा.

रिकामं आलं नाही तर दोन शक्यता उरतात. एक, काम खरंच मर्ज व्हायचं आहे. दोन, ते स्क्वॉश (अनेक कमिटचा एकच) किंवा रिबेस करून मर्ज झालं आहे, म्हणजे मजकूर पोहोचला पण कमिटचे हॅश बदलले. रिबेसचा संशय असेल तर `गिट चेरी ओरिजिन/मेन लॉगिन` चालवा. वजाचं चिन्ह असलेल्या ओळीशी समतुल्य बदल मेनमध्ये आहे, अधिकाचं चिन्ह असलेल्याशी नाही. अनेक कमिट एकात स्क्वॉश केले असतील तर मात्र ही कमांड सगळ्यांपुढे अधिकच दाखवेल, कारण एकेका कमिटची जोडी जुळत नाही. तिथे खात्रीचा मार्ग म्हणजे मर्ज झालेल्या पुल रिक्वेस्टमधल्या शेवटच्या कमिटचा हॅश तुमच्या ब्रँचच्या टोकाशी ताडून पाहणं. दोन्ही एकच असतील तर तुमच्याकडे जास्तीचं काही नाही. वेगळे असतील तर मर्जनंतर टाकलेला, कुठेच न पोहोचलेला कमिट तुमच्याकडे असू शकतो.

खात्री पटली की मग `गिट ब्रँच --डिलीट --फोर्स लॉगिन`. कमांड जाता जाता जुना हॅश छापते. तो पाहा, खिडकी लगेच बंद करू नका.

सर्व्हरवरची ब्रँच पुसतानाही हॅश द्या:

```
गिट पुश --फोर्स-विथ-लीज=लॉगिन:<तपासलेला-हॅश> ओरिजिन :लॉगिन
```

रोजच्या कामाला `गिट पुश ओरिजिन --डिलीट लॉगिन` पुरेसं वाटतं. पण तुम्ही तपासल्यापासून पुसेपर्यंतच्या वेळात कुणी तिथे कमिट टाकला असेल, तर तो कमिट वरची कमांड वाचवते आणि ही वाचवत नाही.

## टप्पा ८: एकगठ्ठा साफसफाई

`गिट फेच --प्रून` घाबरण्यासारखं नाही. सर्व्हरवर नसलेल्या ब्रँचच्या तुमच्याकडच्या नोंदी तेवढ्या ते काढतं, स्थानिक ब्रँचना स्पर्श करत नाही. त्यानंतर ब्रँचच्या यादीत काहींपुढे ‘गॉन’ दिसू लागतं, आणि तेवढ्या सगळ्या फोर्सने उडवणारी एक ओळ लोक आपल्या सेटिंगमध्ये कायमची टाकून ठेवतात. ‘गॉन’चा अर्थ सर्व्हरवर ते नाव नाही, इतकाच. मर्ज झालं की नुसतंच पुसलं, आणि तुमच्याकडे पुश न केलेले कमिट आहेत की नाहीत, यातलं काहीच तो शब्द सांगत नाही.

यादी अशी घ्या:

```
गिट फॉर-ईच-रेफ --मर्ज्ड=ओरिजिन/मेन --फॉरमॅट='%(रेफनेम:शॉर्ट)' रेफ्स/हेड्स
```

`गिट ब्रँच`चं आउटपुट थेट स्क्रिप्टला देऊ नका. त्यात चालू ब्रँचपुढे तारा आणि दुसऱ्या वर्कट्रीतल्या ब्रँचपुढे अधिकचं चिन्ह असतं. ‘मेन’ वगळायला ग्रेप लावाल तर ‘मेन’ने सुरू होणारी ‘मेंटेनन्स’सारखी स्पेलिंगंही त्यात वगळली जातात. नाव पूर्ण जुळवा. यादी फाइलीत घ्या, डोळ्यांखालून घाला, ठेवायच्या ओळी हाताने काढा, मगच उरलेल्या पुसा. यादी लांब असेल तर आधी टप्पा २ मधला बंडल.

## टप्पा ९: चूक झालीच तर

पहिली गोष्ट: हात थांबवा. `गिट जीसी` किंवा `गिट प्रून` या साफसफाईच्या कमांड चालवू नका, नवा क्लोन घेऊन जुना फोल्डर पुसू नका. रिफ्लॉग त्या जुन्या फोल्डरमध्येच असतो.

बॅकअप रेफ असेल तर प्रश्नच नाही. ब्रँच हललेली असेल तर टप्पा ४ प्रमाणे ती बॅकअपवर न्या, पुसली असेल तर:

```
गिट ब्रँच लॉगिन रेफ्स/बॅकअप/लॉगिन
```

बॅकअप रेफ नसेल तर या क्रमाने शोधा.

१. टर्मिनल वर सरकवा. ब्रँच पुसताना छापलेला हॅश तिथेच असतो.

२. ब्रँच हलली आहे, पुसलेली नाही: `गिट रिफ्लॉग शो लॉगिन`. आधीच्या किमती क्रमाने दिसतील.

३. ब्रँच पुसली गेली आहे: तिचा स्वतःचा रिफ्लॉग तिच्याबरोबरच जातो. हेडचा रिफ्लॉग मात्र राहतो, म्हणून नुसतं `गिट रिफ्लॉग` पाहा. तुम्ही त्या ब्रँचवर कधी उभे राहिला असाल तर खूण सापडेल. ते काम वेगळ्या वर्कट्रीत केलं असेल तर तिथल्या हेडचा रिफ्लॉग वेगळा असतो आणि वर्कट्री काढली की तोही जातो.

४. तरीही नाही: `गिट एफएससीके --अनरीचेबल --नो-रिफ्लॉग्स`. यादी मोठी येते. त्यातले कमिट `गिट शो`ने एकेक पाहावे लागतात.

५. फोर्स पुशने सहकाऱ्याचं काम गेलं: त्या कमिटची प्रत त्याच्याकडे असते. त्याने अजून फेच केलं नसेल तर त्याच्या ‘ओरिजिन/लॉगिन’वर, केलं असेल तर `गिट रिफ्लॉग शो ओरिजिन/लॉगिन`मध्ये. पुश त्यालाच करायला सांगा. पुशच्या ओळीतला जुना हॅश तुमच्याकडे असला तरी तो कमिट तुमच्या रेपोत असेलच असं नाही.

वेळेची मर्यादा: मूळ सेटिंगनुसार रिफ्लॉगच्या नोंदी ९० दिवस राहतात, ब्रँचच्या आत्ताच्या टोकापासून न पोहोचता येणाऱ्या कमिटच्या नोंदी ३० दिवस. जिथे रिफ्लॉगही पोहोचत नाही असे सुटे कमिट दोन आठवड्यांहून जुने झाले की साफसफाईत जाऊ शकतात. गिट ही साफसफाई अधूनमधून स्वतःच सुरू करतं.

तपासणी: परत आणलेल्या ब्रँचवर `गिट लॉग` पाहून शेवटचा कमिट ओळखीचा आहे का ते बघा, आणि ताबडतोब तिला बॅकअप रेफ द्या.

## टप्पा १०: बॅकअप काढणं

बदल सर्व्हरवर पोहोचला, बिल्ड पास झाला आणि त्या ब्रँचवर काम करणाऱ्यांनी नवी स्थिती घेतली की बॅकअप काढायला हरकत नाही. कोणते उरलेत ते `गिट फॉर-ईच-रेफ रेफ्स/बॅकअप`ने कळतं. काढताना अपडेट-रेफच्या ‘डी’ पर्यायालाही हॅश द्या. इथे छोटा डीच लागतो, आणि तो मर्ज वगैरे काही तपासत नाही:

```
गिट अपडेट-रेफ -डी रेफ्स/बॅकअप/लॉगिन <जुना-हॅश>
```

बंडलची फाइल निदान पुढच्या रिलीजपर्यंत ठेवा.